मोड, बंब आणि तापी

जुनं जादूचं सामान आपल्या खान्देशातून नाहीसं व्हायचे तीन रस्ते आहेत. पितळ असेल तर मोडीत, लाकूड असेल तर पाण्याच्या बंबात, आणि त्याच्यावर कवटी नाहीतर नागाचं चित्र असेल तर थेट तापीत. मी स्टेजवरच्या जादूचं जुनं सामान गोळा करते, म्हणजे पेट्या, नळ्या, कड्या, पातेली, पिसांची फुलं, हँडबिलं, जे मिळेल ते, आणि त्यातलं बरंचसं मोडीच्या दुकानातच गाठलंय, कारण जळालेलं आणि बुडालेलं परत येत नाही पण पितळ निदान काही दिवस ढिगात पडून असतं.

लग्नसराईच्या आधी भांड्यांच्या दुकानात गेलात तर दिसेल, लोक घरातली जुनी तांब्या-पितळेची भांडी वजनावर देतात आणि त्या हिशोबात नवं स्टील घेऊन जातात. मागच्या बाजूला तो ढीग असतो, घंगाळं, चेपलेले हंडे, समया, कान तुटलेली पातेली. त्यात एखादा लोटा असा निघतो की तो हातात घेतल्या घेतल्या काहीतरी वेगळं वाटतं. आकाराच्या मानाने जड. टिचकी मारली की साध्या लोट्यासारखा टणकन वाजत नाही, आवाज दबका येतो, लगेच मरतो. आणि काठाच्या खाली, जिथे धरताना आपला अंगठा येतो बरोबर त्या जागी, पितळ झिजून गुळगुळीत झालेलं असतं. दुकानदार म्हणतो, "ताई, हा घेऊन करशाल काय, याच्यात पाणी बी पुरं मावत नाही." मी काही बोलत नाही, वजन करायला सांगते.

हा आयटम जादूवाल्यांमध्ये वॉटर ऑफ इंडिया म्हणून ओळखला जातो. लोटा पूर्ण पालथा करून रिकामा करायचा, बाजूला ठेवायचा, दुसरा खेळ करायचा, आणि परत उचलला की परत पाणी. पी. सी. सरकार, म्हणजे थोरले, १९१३ साली टांगाईलला जन्मलेले आणि १९७१ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असतानाच गेलेले, त्यांच्या इंद्रजाल शोमध्ये हा लोटा मधूनमधून सारखा येत राहायचा आणि लोक दर वेळी टाळ्या वाजवायचे. गावोगावच्या छोट्या पार्ट्या पण तो करायच्या, आणि भांडी बनवणारे कारागीर आपल्याकडे होतेच, त्यामुळे असे लोटे ठिकठिकाणी घडवले गेले. त्याच्यावर कुठलाच शिक्का नसतो. कोणी बनवला ते कळायचा मार्ग नाही, पण काम बघितलं की माणूस किती हुशार होता ते कळतं.

लोट्याच्या आत काय असतं ते मी इथे लिहिणार नाही. पण विकत घेताना एक टेस्ट करा. त्याला पाण्याने पूर्ण भरा, बाहेरून कोरडा पुसा आणि जुन्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा पाहिजे. कागदावर गोल डाग पडला असेल तर जोडावरचा डाख सुटलाय, आणि तो परत द्यायला असा कारागीर पाहिजे जो कमी आचेवर कथलाने काम करेल, जास्त तापवलं तर आतले जोड पण सुटतात. माझा एक लोटा मी ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे नेला होता त्यांनी तो कानाशी धरला, हलवला, बोटाने काठ चाचपला, माझ्याकडे बघून हसले आणि एवढंच म्हणाले, "बनवणारा पक्का होता." त्यांना सगळं कळलं होतं. पण मला त्यांनी काही विचारलं नाही आणि मी पण काही सांगितलं नाही.

आता लोक म्हणतात की पुण्या-मुंबईत ठीक आहे, पुण्यात जादूगार रघुवीर होऊन गेले, त्यांचा मुलगा नातू पण त्याच लाईनीत आले, पण खान्देशात कुठलं जादूचं सामान. अहो, खान्देश म्हणजे जत्रांचा मुलूख आहे! सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांच्या बाजारासाठी सगळ्यांना माहिती आहे ती, अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची, धुळ्याला एकवीरा देवीची, मुक्ताईनगरची महाशिवरात्रीची. जत्रा म्हटली की तमाशाचे तंबू, पाळणे, मौत का कुआं आणि त्यांच्या शेजारी कुठेतरी जादूचा तंबू. त्यात रेल्वे. भुसावळला नागपूरची आणि खंडव्याची लाईन फुटते, जळगावला सुरतेची लाईन येऊन मिळते, चाळीसगावहून धुळ्याला फाटा आहे. ज्या पार्टीला सामान ब्रेकव्हॅनमध्ये टाकून फिरायचंय तिच्यासाठी हे सोयीचं होतं. माझ्याकडच्या एका पेटीच्या झाकणाला आतून रेल्वेच्या लगेजची चिकटवलेली जुनी लेबलं आहेत, एकावर एक, वरची फाटली की खालची दिसतात, आणि मी ती काढलेली नाहीत आणि काढणार पण नाही, ती पेटीपेक्षा मोलाची आहेत. पार्टी मोडायची, मालक आजारी पडायचा, कर्ज व्हायचं, की सामान जिथे असेल तिथे राहायचं. कुणाच्या तरी माळ्यावर नाहीतर गोठ्यात.

अशीच एक पेटी अमळनेरच्या बाजूला एका गावात होती, तिच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय.

सागवानी पेटी, मोठी, आडवी, पत्र्याच्या पट्ट्या मारलेली, कडीकोयंडा बाहेरून. घरात तिच्यात दादर ज्वारी भरून ठेवलेली होती. नातवाचं म्हणणं होतं की आता नवी पत्र्याची कोठी आणलीय, ही देऊन टाकू, पण घरातल्या आजी देत नव्हत्या. त्यांचे यजमान जादूचे खेळ करायचे, जत्रांमध्ये आणि शेतीची कामं नसली की आजूबाजूच्या गावांमध्ये, आणि आजी त्यांच्याबरोबर स्टेजवर असायच्या. मी आधी पेटीकडेच बघत होते, आजींकडे नाही, कारण पेटी होतीच तशी. नंतर आजी ओट्यावरून उठून आल्या, पेटीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हाई पेटी मन्हा आंगना मापनी शे." माझ्या अंगाच्या मापाची आहे.

हा आयटम जगभर माहिती असलेला आहे. एकाला थैलीत घालून तोंड बांधायचं, पेटीत टाकायचं, कुलूप लावायचं, दुसरा पेटीवर उभा राहून पडदा वर घेतो, आणि पडदा खाली येतो तेव्हा पेटीवर भलताच माणूस उभा असतो आणि मघाचा उभा असलेला आता आत थैलीत. हॅरी हुदिनी आणि त्याची बायको बेस हे दोघं १८९४ पासून हाच खेळ करत फिरायचे, त्यांचं नाव झालं ते बेड्या तोडण्यामुळे पण सुरुवातीची भाकर या पेटीवरच होती. बोरीकाठच्या गावातलं एक जोडपं तोच खेळ गॅसबत्तीच्या उजेडात करत होतं आणि त्याची कुठेही एक ओळ नोंद नाही.

आजींनी मला खेळ सांगितला, म्हणजे बसल्या जागी हाताने करून दाखवला. आधी कुठला खांदा आत घालायचा, गुडघे कसे वळवायचे, पेटीच्या कुठल्या फळीला पाठ लावायची नाही कारण ती कुरकुरते आणि पुढच्या रांगेला ऐकू जातं. म्हणून आत जाताना यजमान मुद्दाम पायाने स्टेजवर आवाज करायचे. "दम धराना नही, सोडी देवाना, दम धरा का आंग फुगस," असं त्या म्हणाल्या. श्वास धरला की अंग फुगतं आणि मग वळता येत नाही! हे मला कुठल्या कॅटलॉगमध्ये वाचायला मिळणार होतं सांगा. मी पेटीवर हात फिरवत होते तेव्हा मला आतल्या एका कोपऱ्यात लाकूड तुळतुळीत झालेलं लागलं होतं, मला वाटलं धान्याने झालं असेल. ते आजींच्या डाव्या कोपराने झालेलं होतं, वर्षानुवर्षं त्याच जागी टेकून.

मी त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं, त्यांना विचारूनच, आणि पेटी मिळाली ती नंतर, आजींनी स्वतः नातवाला सांगून दिली. माझ्या हिशोबाने त्या दिवशी मिळालेली मोठी गोष्ट रेकॉर्डिंग ही आहे. कारण आजी नसत्या तर माझ्याकडे एक मोठी सागवानी पेटी आली असती, बस. जादूचं सामान हे वापरणाऱ्याच्या हातात असतं तेव्हाच पूर्ण असतं, नुसतं कपाटात ठेवलं तर ते अर्धंच राहतं, आणि उरलेलं अर्धं म्हातारं होत चाललंय हो, आपल्या गावांमध्ये, ओट्यावर बसून. आपल्याकडे धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, ज्यांच्या नावाने ते आहे ते इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं गोळा करायचे. दप्तर निदान नंतर कधीतरी वाचता येतं. पेटीत कसं शिरायचं हे मात्र कागदावर नसतंच.

आणि यात बायकांचा भाग तर कुणी लिहूनच ठेवलेला नाही, पोस्टरवर नाव आणि फेटा जादूगाराचा असतो. बाईला करवतीने कापायचा खेळ पी. टी. सेल्बिटने लंडनला फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये १७ जानेवारी १९२१ ला पहिल्यांदा लोकांसमोर केला हे सगळे सांगतात. पी. सी. सरकारांनी तोच प्रकार ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमात चकरीच्या करवतीने केला, मुलगी उठायच्या आतच कार्यक्रमाची वेळ संपली आणि प्रक्षेपण थांबलं, आणि ती मेली असं समजून लोकांनी बीबीसीला फोन करून करून लाईनी जाम केल्या, हा किस्सा तर फारच प्रसिद्ध आहे. त्या करवतीखाली झोपलेली दीप्ती डे होती, तिचं नाव किती जणांना माहिती आहे? पेटी आतून कशी आहे हे सर्वात जास्त तिलाच माहिती असणार की.

बरं, थोडं ओळखण्याबद्दल. बाहेरचं सामान अधूनमधून मिळतं, मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, कधी रेल्वेच्या जुन्या लोकांच्या घरात. लंडनला १८९८ मध्ये सुरू झालेलं डेव्हनपोर्ट, अमेरिकेतलं ॲबट्स, जपानचं तेन्यो, आणि पेट्री-लुईस, ज्यांच्या निकेल केलेल्या पितळी कामाला संग्राहक अक्षरशः जीव टाकतात, पी आणि एल अशी अक्षरं असतात त्याच्यावर. अशा वस्तूंचं मार्केट फार मोठं आहे, शिकागोला पॉटर अँड पॉटर नावाचं लिलावघर आहे ते यात नावाजलेलं आहे, आणि डेव्हिड कॉपरफिल्डने १९९१ मध्ये अमेरिकन जादूगार मुलहॉलंड यांचा अख्खा संग्रह २२ लाख डॉलरला घेतला होता. चांगलंच आहे, नीट राहील तिथे. पण मला विचाराल तर शिक्का असलेल्या चकचकीत परदेशी डब्यापेक्षा आपल्याकडचा बिनशिक्क्याचा, हाताळून हाताळून झिजलेला माल मला जास्त बोलका वाटतो. आपल्या गारुड्यांच्या वाट्या बघा. बाहेरच्या देशातले कप ग्लाससारखे उभे असतात, आपल्या वाट्या उथळ, वर बोंडासारखी मूठ, ती दोन बोटांच्या मध्ये धरायची. जमिनीवर बसून, बाजूने गर्दी असताना करायच्या खेळासाठी तो आकार बनलाय. जुन्या वाट्यांच्या मुठीवर बोटांच्या खाचा पडलेल्या असतात आणि त्यावरून माणूस डावरा होता का उजवा ते पण सांगता येतं.

अजून एक. घरी ट्यूबलाईटमध्ये बघून या सामानाला भडक म्हणू नका. लाल, पिवळे, काळे पट्टे, सोनेरी वेलबुट्टी, ड्रॅगन, हे सगळं पंधरा-वीस फुटांवरून, गॅसबत्तीत बघायला केलेलं असतं. पट्टे तसेच का आहेत, आतला काळा रंग बिनचमकीचा का आहे, याला सगळ्याला कारण असतं. म्हणून परत रंग देऊ नका, काहीही झालं तरी! गणपतीच्या आरासातून उरलेला ऑइलपेंट मारलेली एक सुंदर नळी मी बघितलीय आणि ती आता कशालाच वापरता येणार नाही, जाड थरामुळे एकात एक जातच नाही. तसंच पितळ चिंचेने किंवा भांड्याच्या पावडरीने घासू नका, निकेलचा थर आधीच पातळ असतो, दोन वेळा घासलं की गेला, कोरड्या सुती कापडाने पुसायचं, झालं.

जळगावचा उन्हाळा हा या छंदाचा खरा शत्रू. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, मग लगेच पावसाळ्याची ओल, त्यात प्लायवूडचे थर सुटतात, सरस उघडतो, रबर कडक होऊन तुटतं. सागवान मात्र टिकतं, सातपुड्याच्या जवळ असल्याचा आपल्याकडच्या कारागिरांना हा एक फायदाच होता. पेट्या मी आतल्या खोलीत ठेवते, भिंतीपासून लांब, विटांवर, कूलरच्या वाऱ्यात अजिबात नाही कारण कूलरची हवा दमट असते. पिसांच्या फुलांना कसर लागते, त्यासाठी ती प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवायची, किडे आणि अंडी मरतात, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतबाहेर तापमान सारखं होऊ द्यायचं. रेशमी रुमाल घडी करून ठेवले की घडीवर फाटतात, ते सुती कापडाच्या गुंडाळीवर सैल गुंडाळायचे.

कायद्याचं पण बघा. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तसं असेल तर १९७२ च्या कायद्याने ती तुम्हाला परदेशी गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही. जादूच्या छडीला हस्तिदंताचं टोक असेल तर तिच्या खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडूच नका. आणि गोळी दाताने झेलायच्या खेळाची जुनी बंदूक कोणी दाखवली तर घरात आणू नका, ती कितीही जुनी असली तरी हत्यारच आहे, चुंग लिंग सू नावाने खेळ करणाऱ्या जादूगाराला १९१८ मध्ये लंडनच्या स्टेजवर त्याच खेळात गोळी लागली आणि तो गेला.

तापीचं राहिलं. चोपड्याकडे एका घरातली पेटी मी पोहोचायच्या आधी अमावस्येला नदीत सोडली होती, आत कवटी रंगवलेली होती म्हणून. घरच्यांना ती करणीची वाटली. मला त्यांचा राग आला नाही, माळ्यावरच्या अंधारात अचानक असं काही निघालं तर कोणीही घाबरेल, आणि आपल्याकडे याच लोट्या-वाट्या-पेट्यांच्या जोरावर भोंदू लोकांनी गोरगरिबांना लुबाडलेलं पण आहे. त्यासाठीच आपल्या राज्यात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. माझं मत स्पष्ट आहे. कोणी लोट्यातून पाणी काढून अंगात देव आल्याचं सांगत असेल तर तिथे आतलं सगळं उघड करायचं, सगळ्यांसमोर, आणि अंनिसचे कार्यकर्ते ते करतात ते बरोबरच आहे. पण स्टेजवरचा जादूगार आधीच सांगतो की बाबांनो ही हातचलाखी आहे, तुम्ही फक्त मजा बघा, त्याचं गुपित आपण राखायचं. म्हणून शाळेतली पोरं माझ्याकडे सामान बघायला येतात तेव्हा मी पेटी दाखवते, झिजलेला कोपरा दाखवते, आजींचा आवाज ऐकवते, पण फळ्या उघडून दाखवत नाही. आणि एक पोरगी गेल्या वेळी पेटीच्या चारी बाजूंनी फिरून, वाकून बघून, शेवटी आपली आपण म्हणाली, "मला माहिती पडलं, पण मी कोणाला सांगणार नाही." तिला मी परत बोलावलंय.

आता एक काम आहे. माझ्याकडे एका पितळी पातेल्याचं झाकण आहे, कबुतर काढायच्या खेळाचं, घुमटासारखं, चांगलं उंच, वर काळ्या लाकडाची मूठ, आतून एका बाजूला काठावर छोटीशी कानस मारल्याची खूण. खालचं पातेलं नाहीये. ते उथळ असणार, सरळ कडांचं, तळाला तीन बुटके पाय असण्याची शक्यता आहे, बाहेरून निकेल उडालेलं. यावल, रावेर, भुसावळ, एरंडोल या पट्ट्यात कुणाच्या घरी असं पातेलं फुलं ठेवायला किंवा देव्हाऱ्यात वापरात असेल तर मला कळवा, घासू नका. आणि त्या घरात कोणी आजी-आजोबा असतील ज्यांना ते कुठून आलं हे आठवत असेल, तर मी यायच्या आधीच त्यांना फोनचं रेकॉर्डिंग चालू करून बोलतं करा.